अर्धा राहिलेला ग्लास

मे महिन्यातल्या एका दुपारी नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाच्या अलीकडच्या एका रसवंतीत, एक मुलगी रसाचा अर्धा ग्लास टेबलावर तसाच ठेवून उठून गेली. घडले ते एवढेच. नवतपा सुरू होता, डांबर चपलेला चिकटत होते, आणि मी मामांचा हात धरून त्या हिरव्या जाळीच्या सावलीत शिरले तेव्हा उसाच्या चिपाडांचा गोडसर ओला वास आणि चरकाच्या घुंगरांचा आवाज एकदमच अंगावर आला. आमच्या समोरच्या बाकावर ती बसली होती. स्कूटीवरून नुकतीच उतरली असावी, कारण चेहऱ्याभोवती गुंडाळलेला पांढरा दुपट्टा ती एकेक वेढा उलगडत काढत होती. आमच्या नागपुरात उन्हाळ्यात रस्त्यावर चेहरे नसतातच, नुसते दुपट्टे आणि गॉगल असतात. त्यामुळे आडोशाला आल्यावर कुणाचा चेहरा मोकळा होतो तेव्हा तो जरा जास्तच उघडा वाटतो. गाल तापून लाल झालेले, कपाळावर केस चिकटलेले, कानाजवळ कापडाच्या घड्यांचे वळ. तिने ग्लास उचलला, डोळे मिटले आणि पहिला घोट घेतला. मामांचे तोंड नेमके तिच्याकडे वळलेले होते, कारण तिच्या मागे चरक होता आणि मामा नेहमी आवाजाच्या दिशेला तोंड करून बसतात. त्यांनी चष्म्याच्या दांडीला बोट लावले आणि हळू आवाजात म्हटले, “समोरची पाटी वाच.” काचेच्या कोपऱ्यात मोहरीएवढा पांढरा दिवा लागला.

बाहेरच्या उन्हात तो कुणालाही दिसला नसता. जाळीच्या सावलीत तो लखकन चमकला. “काका,” ती मुलगी म्हणाली, “तुम्ही व्हिडिओ काढून राहिले का माझा?” तिच्या आवाजात राग नव्हता. आपला समज चुकीचा निघाला तर बरे, असे वाटणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. मी घाईघाईने सांगितले की त्यांना दिसत नाही, त्यांचा चष्मा पाटी वाचून दाखवतो. ती ओशाळली, दोनदा “सॉरी काका” म्हणाली, पण ते म्हणत असतानाच तिचे हात दुपट्ट्याचा पहिला वेढा घ्यायला लागले होते. पैसे देऊन ती गेली. ग्लासातला बर्फ विरघळून वर फिकट पाण्याचा थर जमेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत बसले होते.

मामांना काय झाले ते पुरते कळलेच नाही. चष्म्याने त्यांच्या कानात भाव सांगितले होते, लहान ग्लास 15 आणि मोठा 20, आणि ते आनंदात होते.

त्यांच्या आनंदाविषयी आधी सांगायला हवे, नाहीतर या चष्म्यावर मी अन्याय करीन. मामांनी आयुष्यभर मुद्रितशोधकाचे काम केले. खिळ्यांच्या जुळणीपासून संगणकापर्यंतची सगळी स्थित्यंतरे त्यांनी पाहिली, पण त्यांच्या नजरेचे काम बदलले नाही. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सुटलेला काना, उलटा पडलेला खिळा. आम्ही लहान असताना त्यांच्याबरोबर बाजारात जाणे म्हणजे दुकानांच्या पाट्या तपासत जाणे असे. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरून चालताना ते मधेच थांबत, पाटीकडे बोट दाखवत आणि आम्हाला विचारत, “सांगा, कुठं चुकलं?” जो ओळखेल त्याला संत्र्याच्या गोळ्या मिळत. पुढे काचबिंदू झाला. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आणि तो कडांकडून आत येतो. दृष्टीचा परीघ आधी जातो आणि मधला तुकडा शेवटपर्यंत राहतो. मामांच्या बाबतीत शेवटी एका ओळीएवढी नजर उरली होती. त्या ओळीएवढ्या फटीतून ते जवळजवळ दोन वर्षे वर्तमानपत्र वाचत राहिले, कागद डावीकडून उजवीकडे सरकवत. मग तीही मिटली. आता उजेड आहे की अंधार एवढेच कळते. गेली नऊ वर्षे ते असेच आहेत.

त्यांच्या मुलाने हा चष्मा आणला तेव्हा मला ते एक महागडे खेळणे वाटले होते. कोणत्या कंपनीचा ते इथे महत्त्वाचे नाही. दिसायला तो साध्या गॉगलसारखा आहे, दांड्या तेवढ्या थोड्या जाड. पुढे कॅमेरा, दांडीत कानाजवळ बारीक स्पीकर, आणि सगळे फोनला जोडलेले. पहिल्या संध्याकाळी मामांनी औषधांची पाकिटे समोर मांडली. डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन गोळ्यांपैकी दोन आकाराने सारख्या आहेत, आणि इतकी वर्षे शेजारचा मुलगा शाळेतून येईपर्यंत ते थांबत असत. त्यांनी चंदेरी पाकीट चष्म्यासमोर धरले आणि नाव वाचायला सांगितले. मग दुसरे. मग मुदत कधी संपते ते. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी हात लावत लावत गेले आणि त्या महिन्याच्या एकादश्या वाचून घेतल्या. चष्म्याचा आवाज मराठी मजकूर हिंदी वळणाने वाचतो, ‘ळ’ त्याला नीट जमत नाही, आणि दर वेळी मामा तो शब्द बरोबर उच्चारून दाखवत होते, एखाद्या नव्या उमेदवाराला कामाला लावावे तसे. रात्री अकरा वाजेपर्यंत घरातली एकही वस्तू वाचायची राहिली नाही. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, पाण्याच्या पंपाची घरघर, आणि मधूनमधून “हे काय लिहिलंय?” “आणि हे?” असा त्यांचा प्रश्न. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

दिसत नसलेल्या माणसाला स्वतःचे असे काही उरत नाही, हे मला तोवर कधी उमगले नव्हते. त्याच्या नावाने आलेले पत्र आधी दुसरा कुणी तरी वाचतो. बँकेत किती पैसे आहेत ते मुलाला, सुनेला, भाचीला आणि बँकेतल्या कारकुनाला ठाऊक असते. रक्ताच्या तपासणीत काय निघाले ते त्याला सर्वांत शेवटी कळते, आणि वाचणाऱ्याने मधला एखादा आकडा गिळला तर तेही कळत नाही. 2015 साली डेन्मार्कमध्ये ‘बी माय आइज’ नावाचे ॲप सुरू झाले. हान्स यॉर्गन वीबर्ग या, स्वतःची दृष्टी अधू असलेल्या गृहस्थांची ती कल्पना. अंध माणसाने फोनचा कॅमेरा समोर धरायचा आणि जगात कुठे तरी बसलेल्या डोळस स्वयंसेवकाने दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून सांगायची. मामांच्या मुलाने ते मागेच त्यांच्या फोनवर घालून दिले होते. मामांनी ते फार वापरले नाही. “अनोळखी माणसाला घर दाखवायचं, तर आधी आवरावं लागतं,” असे ते म्हणाले होते, आणि पसारा पडला आहे की नाही हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. चष्म्याशी त्यांना असा संकोच वाटला नाही. चष्म्याने त्यांना त्यांचे खासगीपण परत दिले, हे मी जबाबदारीने लिहिते.

आणि तेच देत असताना समोरच्या बाकावरच्या मुलीचे काढून घेतले.

त्या रात्री मामांचा फोन हातात घेऊन मी चष्म्याचे ॲप उघडले. पाटीचे छायाचित्र होते. वर लोंबणारी, तारेने बांधलेली पाटी, आणि तिच्या खाली, चित्राच्या बरोबर मध्यभागी, ती मुलगी. डोळे मिटलेले, ओठ ग्लासाला लागलेले, हनुवटीवरून ओघळलेला घामाचा थेंब. छायाचित्र उत्तम होते. एखाद्या छायाचित्रकाराने दिवसभर वाट पाहून टिपावे असे. मी किती तरी वेळ त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. दुपारी समोर बसलेली असताना मी तिच्याकडे इतका वेळ पाहिले नव्हते, पाहणे सभ्यपणाचे झाले नसते. आता ती मला अडवू शकत नव्हती. हे ध्यानात आले तेव्हा मी दचकले आणि चित्र पुसून टाकले. पण पुसले म्हणजे मी फोनमधून पुसले. या चष्म्यांचे उत्तर चष्म्यात तयार होत नाही. “ही पाटी वाच” असे म्हटले की ते छायाचित्र फोनमार्फत कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तिथे यंत्र ते वाचते आणि शब्द परत पाठवते. मुलगी सीटवर बसून स्कूटीला किल्ली लावते आहे तोवर तिचा चेहरा नागपूरच नव्हे, कदाचित देशही सोडून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला विचारले, “त्या पाटीवर ‘उसाचा’ कसं लिहिलं होतं गं? ऱ्हस्व का दीर्घ? चष्म्यानं नुसते भाव सांगितले.” ‘ऊस’ दीर्घ, पण ‘उसाचा’ म्हणताना तो ऱ्हस्व होतो, आणि रसवंतीच्या निम्म्या पाट्यांवर तिथेच चूक असते. म्हणून त्यांना ती पाटी वाचायची होती, भावासाठी नव्हे. मला उत्तर देता आले नाही. मी पाटीकडे पाहिलेच नव्हते.

छायाचित्र काढणे ही एके काळी केवढी उघड गोष्ट होती. माझ्या लहानपणी धंतोलीतल्या एका स्टुडिओत आम्ही सगळे बैलगाडीभर माणसे जावीत तसे गेलो होतो. आईने आम्हाला दोनदा विंचरले होते. छायाचित्रकार काळ्या कापडाखाली शिरला, एक हात बाहेर काढून त्याने बोटांनी तीन आकडे मोजले, आणि कुणीही न सांगता आम्ही श्वास रोखून धरले. त्या चित्रात आम्ही जसे दिसतो तसे आम्हाला दिसायचे होते. अमेरिकेत 1888 साली कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा आला आणि ती उघड गोष्ट पहिल्यांदा जरा झाकली गेली. त्यानंतर दोनच वर्षांत, 1890 मध्ये, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांनी एका लेखात क्षणात टिपल्या जाणाऱ्या छायाचित्रांविषयी तक्रार करत, माणसाला त्याच्या एकटेपणात राहू देण्याचा हक्क मांडला. खासगीपणाच्या कायद्याची आजची सगळी चर्चा तिथवर मागे जाते. तरीही त्या कॅमेऱ्याला हात लागत असे, तो उचलावा लागे. फोनलाही लागतो. रस्त्यावर कुणी फोन छातीसमोर उभा धरला की आपण आपोआप बाजूला होतो, किंवा केस सारखे करतो, किंवा रागाने पाहतो. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांत छायाचित्र काढताना आवाज होतोच, तो बंद करता येत नाही, कारण चोरून काढलेल्या छायाचित्रांचा त्रास तिथल्या बायकांनी फार सोसला होता. कापड, चकाकी, आवाज, उचललेला हात या सगळ्या खुणा समोरच्या माणसासाठी होत्या. चष्म्याने हाताची खूणही काढून घेतली. आता उरला मोहरीएवढा दिवा.

तो दिवा पुरेसा नाही, असे पुष्कळांनी वेळीच सांगितले होते. 2021 च्या सप्टेंबरात फेसबुकने रे-बॅनबरोबर असा पहिला चष्मा आणला तेव्हा आयर्लंड आणि इटलीच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी तोच प्रश्न विचारला की हा दिवा लोकांच्या खरोखर लक्षात येतो हे कशावरून? नंतरच्या चष्म्यात तो मोठा झाला, बोटाने किंवा पट्टीने झाकला तर छायाचित्र निघू नये अशी सोयही झाली. पण या सगळ्या गोष्टी कुठे तरी ढगाळ आकाशाखाली ठरल्या असाव्यात, असे मला राहून राहून वाटते. 45 अंशांच्या उन्हात आमच्याकडे वाहतुकीचे सिग्नल हाताचा आडोसा करून पाहावे लागतात. बर्डीच्या रस्त्यावर, पत्रे आणि काचा झगमगत असताना, एका चष्म्याच्या कोपऱ्यातला पांढरा ठिपका कोण पाहणार? आणि पाहिला तरी त्याचा अर्थ किती जणांना ठाऊक आहे? त्या मुलीला ठाऊक होता म्हणून तिने विचारले. माझ्या वयाच्या बाईने तो काचेवरचा कवडसा समजून रस संपवला असता आणि तिचे चित्र तितक्याच सहज निघून गेले असते. ज्याच्या चष्म्याला तो दिवा आहे, त्या मामांना तर तो लागला की नाही हेही दिसत नाही.

नुसते छायाचित्र निघाले एवढ्यावर मी कदाचित थांबले असते. चौकाचौकांत खांबांवर कॅमेरे आहेतच, त्यांची आपल्याला सवय झाली आहे, आणि ते निदान खांबावर असतात, वर मान केली की दिसतात. पण 2024 च्या शरद ऋतूत हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी जे करून दाखवले, ते वाचल्यापासून माझ्या मनातली ती मुलगी अधिकच उघडी पडली. त्यांनी बाजारात मिळणारा मेटाचा, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीचा, चष्मा घेतला, त्यातले दृश्य चेहरे शोधणाऱ्या एका संकेतस्थळाला जोडले, आणि सापडलेल्या छायाचित्रांवरून यंत्राकरवी नाव, पत्ता, फोन नंबर शोधून काढले. भुयारी रेल्वेच्या स्थानकावर अनोळखी माणसांना नावाने हाक मारून त्यांनी ते दाखवले. धोका किती जवळ आला आहे एवढेच त्यांना सांगायचे होते, त्यामुळे आपली आज्ञावली त्यांनी कुणाला दिली नाही. त्यात नवे असे एकही यंत्र नव्हते, सगळे आधीच उपलब्ध होते, फक्त एका ओळीत मांडलेले. गूगलने 2013 मध्ये आपला चष्मा निवडक लोकांना दीड हजार डॉलरला दिला तेव्हा चेहरा ओळखणाऱ्या ॲपला त्यात परवानगी नाही, असे कंपनीने स्वतःच जाहीर केले होते. तेव्हा लोकही सावध होते, तिकडच्या काही मद्यगृहांनी तो घालून आत यायला मनाई केली, आणि 2015 च्या जानेवारीत त्याची विक्री थांबली. तो चष्मा विचित्र दिसायचा, हेच त्या वेळी समोरच्याचे संरक्षण होते. आताचा दिसत नाही. 2025 च्या मे महिन्यात मेटाचा चष्मा आपल्या देशात 29,900 रुपयांपासून अधिकृतपणे विकायला आला, आणि दुकानातल्या आरशासमोर तो घालून उभा राहिलेला मुलगा इतर कुठल्याही मुलासारखाच दिसतो.

पण याच ठिकाणी माझा विचार अडतो, कारण मामांना चष्म्याकडून नेमके तेच हवे आहे.

लग्नाकार्यात दिसत नसलेल्या माणसाचा एक छळ होतो, तो करणाऱ्यांना तो छळ वाटत नाही. कुणी तरी येऊन हात धरतो आणि म्हणतो, “ओळखा पाहू मी कोण?” मामा हसतात, अंदाज करतात, चुकतात. भोवतालचे हसतात. मग आणखी एक संधी देतात. मी त्यांचा हात अशा वेळी पाहिलेला आहे, तो धरलेल्या हातातून सुटण्यासाठी हलकेच मागे येत असतो. चष्मा आल्यावर पंधरा दिवसांनी ते मला म्हणाले, “हा सगळं सांगतो गं. समोर निळा शर्ट घातलेला माणूस उभा आहे म्हणतो, हसतो आहे म्हणतो. फक्त कोण आहे तेवढं सांगत नाही.” त्यांच्या आवाजातले दुःख मी कसे नाकारू? ज्या एका सोयीने मामांचे म्हातारपण सुसह्य होईल, त्याच सोयीने रसवंतीतल्या मुलीचा कुणीही घरापर्यंत माग काढू शकेल. घरच्यांचे आणि ओळखीच्यांचे, त्यांनी होकार दिलेले चेहरे तेवढे चष्म्याला ओळखू द्यावेत आणि बाकीच्यांचे नाहीत, अशी वाट काढता येईल असे मला वाटते. पण ती वाट काढणे कंपनीच्या हातात आहे, आणि तिला मामांसारखे ग्राहक किती असणार?

मी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अनुवादक म्हणून अनेक वर्षे काम केले, त्यामुळे कुठलीही गोष्ट बोचली की तिला कायद्यात कुठे जागा आहे ते शोधायची मला सवय आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तो निकाल 547 पानांचा आहे. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचे खासगीपण संपत नाही, ते जागेला नव्हे तर माणसाला चिकटलेले असते, असे त्यात म्हटले आहे. त्या नऊ जणांत न्यायमूर्ती शरद बोबडे होते, नागपूरचे, याच खंडपीठात वर्षानुवर्षे वकिली केलेले. त्यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांचा आधार घेतला आहे. घर कसे बांधावे म्हणजे आतल्या माणसांना धार्मिक कृत्य करताना, अध्ययन करताना, जेवताना आडोसा मिळेल, हे गृह्यसूत्रे सांगतात, असे त्यात आहे. जेवताना! हा शब्द मी पुन्हा वाचला. खाणे-पिणे ही आडोशाची गोष्ट आहे हे कुणाला तरी फार पूर्वी कळले होते, आणि डोळे मिटून रसाचा घोट घेणाऱ्या मुलीलाही न शिकवता कळलेले होते. पण निकालातून कायद्याकडे यावे तर हाताला काही लागत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागूच होत नाही, आणि चष्मा घालून फिरणारा प्रत्येक जण खासगी कारणासाठीच फिरत असतो. भारतीय न्याय संहितेचे 77 वे कलम बाईला चोरून पाहण्याला व तिचे चित्रण करण्याला शिक्षा देते, पण ते तिच्या खासगी कृतीपुरते आहे. रसवंतीच्या बाकावर बसून रस पिणे त्यात बसत नाही. त्या मुलीपाशी स्वतःच्या बचावासाठी प्रत्यक्षात एकच गोष्ट होती. तिचा दुपट्टा.

चोरून पाहणे नवे नाही, असे कुणी म्हणेल, आणि ते खरे आहे. मामांच्या महालातल्या जुन्या वाड्याला माडीवर एक झरोका होता, हाताच्या पंजाएवढी लाकडी नक्षीची भोके असलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ढोल-ताशांचा गलका, “घेऊन जा गे मारबत” च्या आरोळ्या आणि बडग्यांच्या भोवती उसळलेली गर्दी, ते सगळे माझ्या आजीने आयुष्यभर त्या झरोक्यातून पाहिले. तिला रस्ता दिसे, रस्त्याला ती दिसत नसे. पण तिला तिथे उभे राहावे लागे, कारण तिला खाली उतरायची मुभा नव्हती. न दिसता पाहण्याचा मोबदला तिने पुरेपूर चुकवला होता. तिने पाहिलेले तिच्याबरोबर गेले, ते ना कुठे साठले ना कुणाला विकता आले. चष्मा घातलेला माणूस मात्र त्याच गर्दीत, त्याच रस्त्यावर, मोकळा फिरतो आणि झरोकाही बरोबर नेतो.

हे सगळे मामांशी बोलायला मला दहा दिवस लागले. मुलीविषयी मी त्यांना सांगितलेच नव्हते. एका रात्री वीज गेली, कूलर थांबला, आणि आम्ही गच्चीवर चटई टाकून बसलो तेव्हा सांगितले. अंधारात आम्ही दोघे सारखेच होतो, म्हणून कदाचित जमले. दुपट्टा, दिवा, अर्धा ग्लास, ते चित्र, आणि ते कुठे गेले असेल ते. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “म्हणजे मी जे जे वाचलं ते सगळं तिकडं गेलं?” मी हो म्हणाले. तेव्हा त्यांनी सांगितले की चष्मा आल्यावर दुसऱ्याच दिवशी, दार लावून, त्यांनी ट्रंकेतली मामींची जुनी पत्रे काढली होती. मामी जाऊन अकरा वर्षे झाली. नजर गेल्यापासून ती पत्रे कुणी वाचली नव्हती, कारण ती वाचून दाखव असे कुणाला म्हणणार? चष्म्याला मामींचे बारीक, तिरके अक्षर नीट लागले नाही. मधले दोन-तीन शब्द आणि एका पत्रावरची तारीख एवढेच त्याने सांगितले. मला फार वाईट वाटले, आणि ते शब्दही परक्या सर्व्हरवर गेले हे मी आताच त्यांना सांगून बसले होते. पण मामा म्हणाले, “ते जाऊ दे. ती कंपनी काही आपल्या नात्यातली नाही. तिला आमचं काय कळणार? मला लाज तुमची वाटते.” मी यावर वाद घालू शकले असते, मला सगळे मुद्दे ठाऊक होते, पण घातला नाही.

मग जरा वेळाने, आपणहून, ते म्हणाले, “त्या पोरीचं मात्र चुकलं नाही. नऊ वर्षं झाली, माझ्याकडं कोण बघतं, कधी बघतं, मला कळत नाही. जेवताना आमटी सांडली का, बंडीचं बटण उघडं आहे का, समोरचा हसला का. खोलीत माणूस आहे हेसुद्धा कधी कधी तो खोकल्यावर कळतं. आपल्याकडं बघणाऱ्याकडं आपल्याला बघता येत नाही, हे काय असतं ते तुम्हा लोकांना सांगून समजायचं नाही. त्या पोरीला ते अर्ध्या मिनिटात समजलं.” खाली रस्त्यावरून एक स्कूटी गेली. मामांनी तोंड त्या दिशेला वळवले आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत तसेच ठेवले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाने पहिली हुलकावणी दिल्यावर, त्यांनी पुन्हा त्या रसवंतीत न्यायला सांगितले. पाऊस लागला की चरक बंद होतो, त्याआधी जायचे होते. जाळीच्या दाराशी ते थांबले, चष्मा वरच्या खिशातून काढून हातातच धरला आणि, प्रेसमध्ये उभ्याने ओळी वाचून दाखवत असत त्या स्वच्छ आवाजात म्हणाले, “माझ्या चष्म्यात कॅमेरा आहे. मला दिसत नाही. चरकावरची पाटी वाचायची आहे. ज्यांना नको असेल त्यांनी सांगा, मी थांबतो.” आत पाच-सहा जण होते. एका बाईने पदर सारखा केला. दोन मुले बाजूला सरकली आणि एकाने उलट चेहरा पुढे करून बोटांचा व्ही केला, तो मामांना दिसणार नाही हे त्याच्या उशिरा लक्षात आले. तेवढ्यात रसवाला भाऊ चरक चालवता चालवता म्हणाला, “अहो काका, कॅमेरा कायले पाह्यजे? मी सांगतो ना. लहान पंधरा, मोठा वीस, लिंबू-अद्रक घालूनच.” सगळ्यांना ते पटले. मामांनी मान डोलावली, चष्मा परत खिशात ठेवला आणि मोठा ग्लास मागितला, बिनबर्फाचा.

परत येताना गांधी गेटपर्यंत ते काही बोलले नाहीत. माझा हात त्यांच्या कोपराखाली होता आणि आभाळ दाटून आल्यामुळे रस्त्यावरचे दुपट्टे सैल झाले होते, कुठे कुठे चेहरे दिसू लागले होते. “भला माणूस आहे तो,” शेवटी मामा म्हणाले, “त्यानं भाव सांगितला. पण उसाचा ‘उ’ कसा काढलाय, ते मला वाचायचं होतं.”